भट्टी भरल्याशिवाय सुटत नाही

सोपानतात्या दागिन्याची किंमत दोनदा सांगत. एकदा रुपयांत आणि एकदा लाकडात.

"ही पाटली सव्वा फांदीची," ते गिऱ्हाइकाला म्हणत. "नथ म्हंजे दोन काटक्या. आन् हा कमरपट्टा... बाई, ह्यात आख्खी बाभळ गेली. जपून वापरा."

बाई आधी हसे, मग तात्यांच्या तोंडाकडे बघे, आणि हसू आवरून पट्टा पदराखाली घेई. जणू खरंच कुणाच्या बांधावरचं झाड चोरून निघाली आहे.

इंदापूरच्या पेठेत त्यांचं सोनारकामाचं दुकान आणि लागून माझं घड्याळदुरुस्तीचं. मध्ये फळ्यांची भिंत. नव्वदनंतरची ती वर्षं. बारामतीला काचेची, गारगार हवेची सराफी दुकानं निघू लागली होती. तात्यांकडे विजेचा दिवासुद्धा नव्हता. कौलांत बसवलेल्या काचेतून ऊन खाली येई आणि ते सरके तसे तात्या सरकत. सकाळी भिंतीशी, दुपारी मध्यावर, चार वाजता जवळजवळ रस्त्यावर. ढग आले की दुकान बंद. "सूर्याची रजा ती माजी रजा."

नवं सोनं घेऊन येणाऱ्याला ते उभंच करत नसत. "सोन्यापायी जमीन कशाला उकरायची? आदी आपली ट्रंक उकरा. आजीचं काय तरी घावंल."

भट्टीचा कोळसा भिगवणकडचे रहीमचाचा आणत. धरणाच्या पाण्याकडेच्या बाभळींचा. पोतं उतरायच्या आधी तपासणी सुरू व्हायची.

"चाचा, बाभळ वाळकी व्हती का हिरवी?"

"वाळकी."

"कशावरनं?"

"आता काय बाभळीचा मृत्यूचा दाखला आणू का ग्रामपंचायतीतनं?"

"आणला तर बरंच हाय," तात्या गंभीरपणे म्हणत, आणि चाचा डोक्याला हात लावून पायरीवर बसत.

हे सगळं लोकांनी चालवून घेतलं असतं. पण तात्यांचा एक नियम मात्र भल्याभल्यांना रडवायचा. सात कामं जमल्याशिवाय ते भट्टी पेटवत नसत. पेटवण्यापुरता कोळसा लागतोच. मग तो एका कामापायी का जाळायचा? आमच्या रस्त्यावरच्या वडाप जीपचा कायदा त्यांनी भट्टीला लावला होता. शिटा भरल्याशिवाय सुटायची नाही. शिवाय सातही गिऱ्हाइकांनी हजर राहायचं, कारण "आपलं सोनं आपल्या डोळ्यांदेखत वितळावं. मागनं शंका नको."

त्यामुळे भट्टीच्या दिवशी त्या दुकानात दरबार भरायचा. फुंकणी तोंडाला लावून तात्या एक फुंकर घालत आणि मग एक चौकशी करत. फुंकर. "मावशी, म्हस व्याली का?" फुंकर. "पाटील, ऊस गेला का कारखान्याला?" फुंकर. "सून नांदती का बरी?" तीन तासांच्या कामाला दिवस कलायचा. एरवी आठवडा आठवडा फळ्यांपलीकडून हातोडीशिवाय आवाज न येणारा हा माणूस त्या दिवशी कुणाला बोलू द्यायचा नाही.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मंगळसूत्रातली एक वाटी सासरची, एक माहेरची. माहेरची वाटी तात्यांकडे टाकली, आजीची मोडकी फुली देऊन. लग्न चार दिवसांवर आलं आणि भट्टीत माझं धरून पाचच कामं!

"तात्या, अहो शेजार आहे आपला."

"शेजार हाय म्हून तर सांगतोय. दोन कामं आणा, सोडतो."

मग मी काय करणार? एसटी स्टँडवर उभा राहून जवळजवळ ओरडलोच, चला, मोडकं, तुटकं, वाकलेलं सोनं! लोकांनी मला चोर समजून खिसे सांभाळले. शेवटी घरी गेलो, निदान एक तरी काम वाढावं म्हणून आईच्या कानातली कुडी मागून घेतली, वाकवली आणि तोंड पाडून तात्यांपुढे ठेवली. तात्यांनी ती उन्हात धरली.

"ही पडून वाकली न्हाय. ही चिमट्यानं वाकलीय. घड्याळवाल्याच्या." कुडी त्यांनी परत केली. "असला खोटा पाशिंजर चालायचा न्हाय."

भट्टी भरली का ते बघायला आलेले बाकीचे चौघेही तिथेच होते. सगळे हसले. माझं डोकं फिरलं.

"तात्या, हे लासुर्ण्याचे पाटील एका पाटलीपायी तिसऱ्यांदा फटफटीवर आलेत. भिगवणच्या मावशी जीपनं दोनदा. हे दोघं एसटीनं. तुम्ही वाचवणार ओंजळभर कोळसा, आणि त्याच्यासाठी ह्यांनी किती पेट्रोल-डिझेल जाळलं? तो धूर कुणाचा?"

या वेळी पाटील मांडीवर थाप मारून हसले. "आरं तिच्या! घड्याळवाला बराबर बोलतोय की! तात्या, तुमची बाभळ वाचली, पर आमची टाकी रिकामी झाली!"

हशा बराच चालला. तात्या हसले नाहीत. कौलातल्या काचेकडे बघत म्हणाले, "हे ध्येनात आलं न्हाय." मग एकेकाला त्यांनी सांगितलं, "बाजाराला याल तवा या. करून ठिवतो. बसायची गरज न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तोच फळ्यांवर टकटक झाली. भट्टी पेटलेली होती. एकट्या माझ्या वाटीसाठी.

तात्या गुपचूप काम करत होते. फुंकर, मग पुन्हा फुंकर. मध्ये काही नाही. सतरंजीवर मी एकटाच. तासाभरात वाटी झाली. इतकी देखणी वाटी मी नंतर पाहिली नाही. गंमत म्हणजे तिची लाकडातली किंमत त्यांनी सांगितलीच नाही. मीच विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माजं गणितच कच्चं निगालं."

मला उगाचच अपराधी वाटलं. लग्नघरात शंभर कामं पडली होती. वाटी गुलाबी कागदात गुंडाळली, खिशात ठेवली आणि उठलो.

"बसा की वाईच," तात्या भट्टीकडे बघतच म्हणाले. "इस्तू अजून जिता हाय. वाया जाईल."

त्या विस्तवावर आता काहीही करायचं नव्हतं. मी चपला काढून पुन्हा सतरंजीवर बसलो.