बाबांची शिकवणी

आमच्या भिंगरीला प्रश्न विचारायला शिकवायचं, असं मी एका रविवारी दाढी करता करता ठरवलं. (माझे सगळे मोठे निर्णय गालाला फेस असताना होतात, त्यामुळे घरात ते कुणी मनावर घेत नाही.)

झालं असं, की माझ्या भावाचा मुलगा तिच्याच वयाचा, पावणेतीन वर्षांचा. तो दिवसभर 'का? का?' करून वहिनीच्या नाकी नऊ आणतो. आमची भिंगरी मात्र एक प्रश्न विचारील तर शपथ. "पाणी दे", "हे नको", "ते माझं" एवढ्यावर तिचं छान चाललेलं. मी ऑफिसात चौकशीच्या खिडकीवर बसतो. दिवसभर सारं गाव मला प्रश्न विचारतं, आणि पोटच्या पोरीला बापाला काही विचारावंसं वाटू नये? मला ते फार लागलं.

"विचारील तिची ती," बायको म्हणाली.

पण मी कंबर कसली होती. घरात दोन नियम केले. भिंगरीपुढे मी सतत प्रश्न विचारायचे, म्हणजे ऐकून ऐकून तिलाही जमेल. आणि तिने कधी विचारलाच, तर तो प्रश्न कुणी उडवून लावायचा नाही. हातातलं काम टाकून खरं आणि सविस्तर उत्तर द्यायचं.

त्या दिवसापासून मी उशी उचलली की "ही काय आहे?" कंगवा धरला की "हा काय आहे?" बादली, मोजा, दाराची कडी, काही म्हणून सोडलं नाही. सुरुवातीला ती हसून उत्तरं द्यायची. मग गंभीर झाली. पुढे तर माझ्याकडे काळजीनं बघायला लागली. ऑफिसातून आलो की माझं बोट धरून घरभर हिंडवायची आणि वस्तूवर हात ठेवून सावकाश सांगायची, "बाबा, ही उशी. उशी." मला वाटलं, आली गाडी रुळावर. वहिनीला फोन करून मी तसं कळवूनही टाकलं.

पुढच्याच आठवड्यात आमचे साहेब घरी टेकले. (ते जवळच राहतात, हे माझं एक जुनं दुखणं.) चहा झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "हात कुठे धुऊ हो?"

मी तोंड उघडणार, तोच भिंगरी मध्ये येऊन उभी राहिली. "बाबांना नको विचारू. बाबांना नाही माहीत. मी दाखवते." आणि साहेबांचं बोट धरून त्यांना बेसिनकडे घेऊन गेली. बाबांना उशीसुद्धा माहीत नाही, हे तिने वाटेत सांगितलंच.

साहेब हात पुसत परतले. "खिडकीवर येणाऱ्यांचंही हेच म्हणणं आहे," एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या.

मी मटकन खाली बसलो. भिंगरीनं माझ्या पाठीवर थोपटलं, माझ्या मांडीवर कंगवा ठेवला, त्याचं नाव सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला.

"आई, बाबांना काहीच का येत नाही?"

आला, 'का' आला! माझ्या डोळ्यांत खरंच पाणी उभं राहिलं. मी धावत आत गेलो, तर बायकोनं गॅस बंद केला होता, भिंगरीला ओट्यावर बसवलं होतं आणि माझ्या नियमाप्रमाणे खरं व सविस्तर उत्तर द्यायला सुरुवातही केली होती. जेवायची वेळ टळून गेली, तरी ती आमच्या लग्नाच्या दिवसापर्यंतच पोचली होती.