मन ठिकाणावर असल्याचा दाखला

"मी बेशुद्ध पडलो तर माझ्या वतीनं तू बोलायचं," अप्पारावांनी सकाळच्या चहाबरोबर बायकोला सांगून टाकलं.

"बरं," म्हणून दुर्गाबाई तांदूळ निवडत राहिल्या.

अप्पाराव जालन्याच्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासायच्या कामावर होते. निवृत्त होऊन आष्टीला परतले, पण सगळं आधी तपासून घ्यायची खोड काही गेली नाही. त्यात मागच्या साली त्यांचे मोठे भाऊ बद्रीनाथ लकव्यानं आठ महिने अंथरुणाला खिळले. वाचा गेली. एक मुलगा म्हणे मोठ्या दवाखान्यात न्या, दुसरा म्हणे घरीच राहू द्या, आणि ज्याच्यासाठी हे भांडण चाललं होतं तो मधे खाटेवर पडून दोघांकडे आळीपाळीनं बघायचा. तसाच बघत बघत एके दिवशी गेला. ती नजर अप्पारावांना विसरता येईना.

म्हणून त्यांनी परतूरच्या वकिलाकडून कागद करून घेतला. शुद्ध हरपली तर उपचारांचा निर्णय दुर्गाबाईंनी घ्यायचा. वकील म्हणाले, "दोन साक्षीदार लागतील. आणि तुमचं मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला."

साक्षीदार म्हणून अप्पारावांनी शेजारच्या रामप्रसादला विचारलं, तिथंच चुकलं. धडधाकट माणूस असला कागद कशाला करील? नक्कीच डॉक्टरनं काहीतरी सांगितलं असणार, असा हिशेब रामप्रसादनं केला आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला कळवला. दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच माणसं भेटायला यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायची रीत अशी, की त्याच्याशी बोलायचं नाही. त्याच्याकडे बघायचं आणि घरच्यांना विचारायचं.

"जेवण जातंय का, वैनी?" झुंबरबाईंनी विचारलं.

"मी बराबर जेवून राह्यलो!" अप्पाराव खुर्चीवरून ओरडले.

"आवाज अजून खणखणीत हाय," रामप्रसाद हळहळला. "आमच्या मामाचा बी शेवटपर्यंत असाच व्हता."

"अरे, मला काहीच झालं न्हाई!"

"त्यांना सांगितलेलं न्हाई वाटतं," झुंबरबाई दुर्गाबाईंच्या कानात म्हणाल्या, पण ते सगळ्या घराला ऐकू गेलं.

दुपारी वाटूरहून दोघे मेव्हणे आले आणि त्यांनी अप्पारावांना उचलून खाटेवर आडवं केलं. डोक्याशी उभं राहून एकजण म्हणाला जालन्याला न्या, दुसरा म्हणाला कशाला हाल करता. अप्पाराव पडल्या पडल्या एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले. आपण भावासारखंच बघतोय हे ध्यानात येताच, भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हातात दिलेलं शहाळं त्यांनी भिंतीवर फेकून मारलं.

"मेंदूवर गेलं," थोरले मेव्हणे म्हणाले. "जीप काढा जल्दी."

ज्या डॉक्टरीणबाईंकडे अप्पाराव दाखल्यासाठी जाणार होते, त्यांच्याचकडे ते असे चार जणांच्या हातांवर पोचले. सगळं ऐकून घेऊन बाईंनी विचारलं, "काका, आज तारीख किती?"

"वद्य अष्टमी."

"तारीख विचारतेय, काका."

अप्पाराव तारीख आठवू लागले तसे मागून दोघा-तिघांनी सुस्कारे सोडले. बाईंनी दुर्गाबाईंना ठेवून बाकीच्यांना बाहेर काढलं.

"घाबरू नका. सोपं विचारते. या कोण?"

"बायको हाय माझी. चाळीस वर्षं झाली लग्नाला."

"छान. मग सांगा, काकूंना सगळ्यात जास्त काय आवडतं?"

तीस वर्षांपूर्वीच्या वाणांची उगवण अप्पारावांना टक्क्यांत पाठ होती. ते छताकडे बघून आले, खिडकीकडे बघून आले, पण उत्तर कुठंच नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"काकू, असं कधीपासून विसरून राह्यलेत हे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. पेन कागदावर थांबलं होतं.

दाखला गेला म्हणजे कागद गेला, आणि मग पुढं ती खाट होतीच. अप्पारावांनी बायकोकडे बघितलं.

"लिहा बाई, डोकं बिलकुल ठिकाणावर हाय," दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "ते इसरले न्हाईत. त्यांना कधी माहितीच नव्हतं."

बाईंनी सही करून शिक्का मारला. अप्पारावांनी खाली मान घालून दाखला घेतला.