खुराड्यातली फरशी

लेव्हलमास्तरांनी घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नाही. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि कुणी शंका घेण्याआधीच खिशातून गोटी काढून दाखवत. मास्तर ही पदवी शाळेतली नव्हे, फरशीतली. तीस वर्षं त्यांनी घरांत, दवाखान्यांत, बँकांत गुडघे टेकून फरश्या घातल्या होत्या. स्वतःच्या घरातली पुढची खोली म्हणजे तर नमुनाच. गिऱ्हाईक आलं की आधी तिथे आणायचं, गोटी ठेवायची आणि ते खाली वाकून फरशीत आपलं तोंड बघायला लागलं की काम पक्कं. पॉलिशवर डाग पडू नये म्हणून मास्तर स्वतः त्या खोलीत कायम कडेकडेने चालत.

त्याच नमुन्यावर पाच महिन्यांपूर्वी त्यांची बायको घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

दोष चपलेचा, असा निकाल मास्तरांनी त्याच दिवशी देऊन टाकला. चपला रबरी, त्यातून झिजलेल्या. शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, दवाखान्यातल्या डॉक्टरांना, ज्याने विचारलं नाही त्यालासुद्धा त्यांनी चपलेचंच सांगितलं. वर त्या चपला पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवल्या, उद्या कुणी पुरावा मागितला तर असू दे म्हणून. हाड यथावकाश जुळलं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, आता उभं राहायला काहीच हरकत नाही. पण बायको त्याच खोलीत मांडलेल्या पलंगावरून पाय खाली सोडायची, फरशीला अंगठा लावायची आणि पुन्हा वर ओढून घ्यायची. शेवटी बाईंनी मास्तरांना बाहेर नेऊन स्पष्टच सांगितलं, की महिनाभर आणखी अशाच पडून राहिल्या तर पायांतली ताकद जाईल आणि मग जन्मभर पलंग. मास्तर म्हणाले, हिय्या नाही तिच्यात. तोंडाने म्हणाले, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आता या सगळ्यात कोंबड्या कुठून आल्या, तर त्या बायकोच्या होत्या. बाजूच्या अंगणात जाळीचं खुराडं आणि त्यात पाच जणी. पैकी एक तांबूस कोंबडी इतक्या डौलात चालायची, की बायको तिला ‘मॅडम’ म्हणे. पलंगावरून अंगण दिसत नव्हतं. त्यासाठी खिडकीपर्यंत जावं लागलं असतं. म्हणून ती रोज सकाळी विचारायची, कशा आहेत? आणि मास्तर म्हणायचे, मजेत.

मजेत कसल्या! बायको होती तेव्हा खाली कोरडी माती असायची, त्यावर सुताराकडून आणलेले रंध्याचे छिलके, आणि ती रोज उकरून ओलं तेवढं काढून टाकायची. हे तिने कधी कुणाला शिकवलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. पाच महिन्यांत पाण्याचं भांडं गळून गळून खाली चिखल झाला. फरशीवाल्याच्या दारात चिखल! मास्तरांच्या डोक्यात कल्पना आली आणि तिने त्यांचा ताबाच घेतला. खुराड्यात अशी फरशी घालायची, की ती बघण्यासाठी तरी बायको पलंगावरून उठेल.

एका कामावर उरलेल्या निळ्या, चकचकीत फरश्या त्यांच्याकडे पडून होत्या. दोन दिवस मास्तर जाळीत डोकं घालून बसले. पाणसळीतला बुडबुडा चारही कोपऱ्यांत बरोब्बर मधोमध. गोटी हलली नाही. मग त्यांनी कोंबड्या आत सोडल्या, आणि त्या मात्र हलल्या. एक इकडे, एक तिकडे, आणि मॅडम पोटावर सरकत थेट भिंतीपर्यंत.

सवय होईल, असं मास्तर म्हणाले. झाली नाही. मग त्यांनी वर्तमानपत्रं अंथरली. ती कोंबड्यांना घेऊन सरकायला लागली. वाळू टाकली, तर गुळगुळीत फरशीवर वाळूचे कण म्हणजे हजार गोट्याच. मग टाकलं गवताचं काड, ढोपरभर. त्यात पाय तेवढे रुतले, पण भांडं गळतच होतं. मातीने ते पाणी पिऊन तरी टाकलं असतं. इथे फरशी इतकी समपातळीत, की पाण्याला कुठे जावं तेच कळेना. ते राहिलं तिथेच. काड खालून कुजलं, बुरशी चढली, डोळ्यांत पाणी येईल असा वास सुटला. कोंबड्या शिंकायला लागल्या. आठवड्यात दोन मेल्या.

मास्तरांनी त्या कुंपणापाशी पुरल्या. खड्डा आपसूकच काटकोनात झाला. आत गेले तर बायकोने विचारलं, कशा आहेत? मास्तर म्हणाले, मजेत. तिसऱ्या दिवशी मॅडम बसली ती उठेचना. दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेले, मान तेवढी ताठ.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कोंबडी उचलली, पाय चाचपले आणि मग तिला सोडून खाली फरशीकडेच बघत राहिले. मास्तरांना वाटलं, कौतुक चाललंय. ते गोटी काढणार एवढ्यात डॉक्टर म्हणाले, “हिच्या पायांना काही झालेलं नाही. जमिनीला झालंय. पाय टेकला की निसटतो, म्हणून आता ही टेकवायलाच तयार नाही. आधी हे सगळं उखडा.”

मास्तरांनी आयुष्यात स्वतःची फरशी स्वतः फोडली नव्हती. त्या दिवशी हातोडा घेऊन फोडली. प्रत्येक घावाला त्यांच्याच छातीत कळ येत होती. मग भांडं बदललं, कोरडी माती भरली, वर चार बोटं छिलके. मॅडमच्या दोन्ही पायांना डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मऊ पट्टी बांधली. मास्तर रोज उकरायला लागले. आठव्या दिवशी पट्टी सोडली, आणि मॅडम उठली, दोन पावलं टाकली आणि जुन्या डौलात त्यांच्याकडे पाठ फिरवून निघून गेली. मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. हे बायकोला दाखवायलाच हवं! त्यांनी कोंबडी काखोटीला मारली आणि धावतच आत गेले.

“बघ,” ते म्हणाले, “हिचा पायच उठत नव्हता. आता बघ कशी चालते. तू पण जरा हिय्या कर.” आणि मॅडमला त्यांनी पलंगासमोर, नमुन्यावर, खाली सोडलं.

मॅडमने एक पाऊल टाकलं. ते डावीकडे गेलं. दुसरं उजवीकडे. मग ती पोटावर आपटली आणि तशीच पडून मास्तरांकडे बघत राहिली.

मग पलंगावरून बायको शांतपणे म्हणाली, “अहो, हिने कुठल्या चपला घातल्या होत्या?”

खुंटीवरची पिशवी समोरच लटकत होती. ते बाहेर गेले आणि छिलक्यांचं उरलेलं पोतं घेऊन आले. पलंगापासून खिडकीपर्यंत, चार बोटं जाड, त्यांनी ते पॉलिशवर ओतलं आणि हाताने पसरलं. बायकोने पाय खाली सोडले. अंगठा लावला. वर घेतला नाही. मास्तरांचा खांदा धरून, थांबत थांबत, ती पाच महिन्यांनी खिडकीशी पोहोचली आणि गजाला धरून अंगणात बघू लागली.

“तिथे दोन, आणि ही एक,” ती म्हणाली. “बाकीच्या दोघी?”

मजेत, हा शब्द मास्तरांच्या जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला.

“मेल्या,” ते म्हणाले. “माझ्या फरशीने.”

बायकोने कुंपणापाशी उकरलेल्या मातीचा चौकोन पाहिला. मग तिने विचारलं, “हातोडा बाहेरच असेल ना अजून?”

मास्तर हातोडा आणायला निघाले. छिलक्यांवरून, खोलीच्या मधोमध, सरळ दाराकडे. दारात पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की फरशी घातल्यापासून गेली सोळा वर्षं आपण या खोलीत कडेकडेने चाललो ते पॉलिश जपायला नव्हे, भिंत धरायला.