घरपोच सेनापती

थोर सेनापती चरित्र मंडळाच्या कामाबद्दल लोकांत बरेच गैरसमज आहेत. मी मंडळात लेखनिक आहे, तेव्हा ते दूर करणं माझं कर्तव्यच आहे.

मंडळ इतिहासातल्या सेनापतींची वर्गवारी करतं. निकष एकच: सेनापतीने किती माणसं खर्ची घातली. पुष्कळ घातली असतील तर पहिला वर्ग. म्हणजे ग्रंथात स्वतंत्र प्रकरण, रंगीत चित्र आणि चौकात घोड्यावर बसलेला पुतळा. बेताचीच घातली असतील तर दुसरा वर्ग आणि छातीपर्यंतचा पुतळा, घोड्याविना. मेलेली माणसं शत्रूची की स्वतःची, यात मंडळ भेदभाव करत नाही. करायला गेलं तर पहिला वर्ग ओस पडेल. आमच्या पहिल्या खंडाच्या नायकाने तर आपली अख्खी फौज दोनदा गमावली होती. दुसऱ्यांदा गमवायला ती आली कुठून, असं एका वाचकाने विचारलं. आपल्या भावना पोचल्या, असं आम्ही त्याला कळवलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या मामांनी घोळ घातला.

मामा शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीच्या आधी आणि नंतरही त्यांनी एकाच सेनापतीचा ध्यास घेतला. हा आमच्याच भागातला माणूस. साधा घोडेस्वार म्हणून फौजेत शिरला, मग दाणागोटा सांभाळायला लागला आणि शेवटी सेनापती झाला. सैनिक त्याला लाडाने ‘घरपोच’ म्हणत. एका मोहिमेत तिप्पट फौजेने त्याला खिंडीत गाठलं, तेव्हा त्याने तंबू तसेच उभे ठेवले, चुली पेटत्या ठेवल्या आणि दाट धुक्यातून सगळं सैन्य परत आणलं. एक माणूस गेला नाही. हंडे तेवढे मागे राहिले. हा प्रसंग सांगताना मामा अजूनही खुर्चीतून उठून उभे राहतात, गुडघे कितीही कुरकुरले तरी. मामी म्हणायची, त्या बाबाने सगळ्यांना घरी पोचवलं, तुमच्या मामांना तेवढं खिंडीत विसरला.

मामांची नजर दिवसेंदिवस अधू होत होती. आपलं पुस्तक छापलेलं बघावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्याचं हस्तलिखित मी मंडळापुढे ठेवलं.

अध्यक्षांनी शेवटचं पान आधी पाहिलं, कारण मृतांचा आकडा तिथे असतो. तिथे शून्य होतं. त्यांना वाटलं लिहिताना काहीतरी राहिलंय. राहिलेलं नाही हे कळल्यावर बराच खल झाला. हा पहिल्या वर्गात बसेना, दुसऱ्यातही बसेना. याला परिशिष्टात ‘वाहतूक व्यवस्था’ या सदराखाली घ्यावं, असं एकाने सुचवलं. सचिव मनाने चांगले. ते म्हणाले की मामांनी कुठेतरी एखादी छोटीशी लढाई घालावी, बाकीचं आपण सांभाळून घेऊ. मामांनी साफ नकार दिला आणि माझा हात धरून स्वतःच बैठकीला आले.

“अध्यक्षसाहेब,” मामा म्हणाले, “तुमच्या दिवाणखान्यात जी तलवार टांगली आहे ना, ती या फौजेतल्या तुमच्या पूर्वजाची. तो परत आला, त्याने लग्न केलं, म्हणून तुम्ही आज या खुर्चीत आहात. खिंडीत पडलेल्यांना नातवंडं नसतात.”

मला वाटलं, जिंकलं मामांनी. पण अध्यक्षांचा चेहरा लाल होत गेला.

“म्हणजे माझा पूर्वज पळून आला?”

“चालत आला,” मामा म्हणाले. “त्या धुक्यात पळता आलं नसतं.”

मग एकेका सदस्याला आठवलं की आपलेही पूर्वज त्याच फौजेत होते. त्यांच्या घरीही तलवारी होत्या आणि सोयरिकी जमवताना त्या पाहुण्यांना दाखवल्या जात. प्रश्न आता अब्रूचा होता. मंडळाने एकमताने ठराव केला की ती फौज परत आलीच नाही. शेवटचा माणूस पडेपर्यंत लढली. सचिव म्हणाले, सगळे कोवळे, अविवाहित तरुण होते असंही घाला, वाचताना गलबलून येतं. तेही घातलं. सेनापती एका झटक्यात पहिल्या वर्गात गेला आणि त्याला घोडा मंजूर झाला. लेखकाची संमती नियमानुसार गृहीत धरण्यात आली.

पुस्तक आलं तोवर मामांना अक्षरं दिसेनाशी झाली होती. त्यांनी मला शेवटचं प्रकरण वाचायला सांगितलं. मी वाचलं. ते खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. मला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याची तरतूद मंडळाच्या नियमांत नाही.

पुतळ्याच्या अनावरणाला मामा येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते आले. पुढच्या रांगांवर ‘हुतात्म्यांच्या वंशजांसाठी राखीव’ अशी पाटी होती. रांगा भरल्या, मागच्या भरल्या, शेजारच्या शाळेतून बाकं आणली तीही भरली. लोक भिंतीवर चढून बसले.

मामांनी माझा दंड धरला. “एवढा गलबला कसला? कोण आलंय?”

“वंशज,” मी म्हणालो.

“किती?”

“मैदान भरलंय, मामा.”

मामा कित्येक आठवड्यांनी हसले. डोळे पुसत, अगदी मनापासून हसले. “म्हणजे सगळे पोचले,” ते म्हणाले.

मी काही बोलणार, तोच गेटापाशी आरडाओरडा झाला म्हणून मान वळवली. तुम्हीच होतात. खुर्ची मिळाली नाही म्हणून स्वयंसेवकाची गचांडी धरून तुम्ही त्याला बजावत होतात, की खिंडीत कोवळ्या वयात अविवाहित पडलेला तो वीर तुमच्या आजोबांचा सख्खा आजोबा होता.