झोपलेला हात

"आता आपल्याला काही दुखायचं नाही!" खांद्याचं ऑपरेशन होऊन घरी आल्या आल्या मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी मानेजवळ इंजेक्शन देऊन माझा अख्खा हात झोपवून ठेवला होता. "तो जागा व्हायच्या आत या दोन्ही गोळ्या सुरू करा हं," असं त्यांनी बजावलंही होतं. पण ज्याला दुखतच नाही, त्यानं गोळी कशाला खायची? बायको पाणी ठेवून वळली, की गोळ्या उशीखाली!

खरं सांगू? सासरेबुवा भेटायला येणार होते. उभी हयात अग्निशामक दलात काढलेला माणूस! एकदा त्यांच्यासमोर माझं बोट दारात चेमटलं आणि मी किंचाळलो. तेव्हापासून मी त्यांचा 'कापूसराव'! एकदा तरी त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकायची होती हो.

ते आले, खुर्चीत टेकले. "दुखतंय?"

"छे! चिमटा काढून बघा!"

त्यांनी झोपलेल्या हाताच्या बोटाला सणसणीत चिमटा काढला. मी जांभई दिली.

"शाबास!"

अहाहा! त्या एका शब्दावर माझे डोळे मिटले. पलंग अलगद उचलला गेला, खिडकीतून बाहेर पडला आणि गच्च्यांवर वाळणाऱ्या चादरींवरून तरंगत निघाला. खाली माणसं टाळ्या वाजवत होती. इतक्यात माझ्या चांगल्या हाताला छातीवर कुणाचा तरी हात लागला. जड, उबदार. सासऱ्यांचा! मला भरून आलं. मी तो हात कुरवाळत राहिलो.

"बाबा, शेवटी मला आपलं म्हणालात!"

मग हळूहळू त्या हातातून कळा यायला लागल्या.

"बाबा, तुमचा हात ठणकतोय हो! फारच ठणकतोय! दाखवा कुणाला तरी!"

"कापूसराव," खुर्चीतून आवाज आला, "तो हात तुमचाच आहे."

पलंग धाडकन जमिनीवर आला! आई गं! मी असा बोंबललो, की बायको हातातलं काम टाकून धावत आली. तिनं उशी सरळ केली आणि गोळ्या टपाटपा खाली पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपलं! आता जन्मभर कापूसच!

पण सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं मला गोळ्या भरवल्या. "वेडे आहात का? माझ्या गुडघ्याच्या वेळी मी गोळीसाठी हंबरडा फोडला होता. गुण येईपर्यंत रडा खुशाल." आणि त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला. खराखुरा.

मला रडूच फुटलं. पण त्याआधी मी बोटं हलवून बघितली, म्हटलं, हाही हात माझाच नाही ना!