फळीवरचा डोंगर आणि आक्कांचा मुक्काम

शुक्रवारी सकाळी डॉक्टर बोगद्याच्या तोंडात आरसा घालून आत कुठे खडबडीत राहिलंय का ते पाहत होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आक्काचा फोन होता. उद्या येतेय. पंधरा दिवसांसाठी."

डॉक्टरांचा हात थबकला. तो आरसा दातांचा होता. चाळीस वर्षं त्यांनी तो लोकांच्या तोंडात घातला, आता निवृत्तीनंतर बोगद्यात घालत होते. डोंगरही दातांचे साचे घेण्याच्या प्लास्टरचेच. त्यामुळे कितीही हिरवा रंग दिला तरी लांबून ते दाढांसारखे दिसत.

"उद्या? मग त्या कुठे झोपणार?"

"या खोलीत. पाहुण्यांची खोली आहे ही. तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले."

खोलीत पाहुण्यासाठी जागा अशी नव्हतीच. आठ फूट बाय चार फुटांची फळी दोन घोड्यांवर आडवी पसरली होती आणि तिच्यावर खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ, पूल, दोन स्थानकं, एक तळं असा संसार थाटला होता. फलाटावर अकरा माणसं दोन वर्षांपासून उभी होती. गाडी रोज त्यांच्यासमोर थांबायची, पण एकही आत चढत नसे. पाय डिंकाने चिकटवलेले, बिचारे करणार काय!

"फळी हॉलमध्ये नेऊ. त्यात काय एवढं?" डॉक्टर म्हणाले.

त्यात काय, ते दहा मिनिटांत कळलं. रूळ आणि स्थानकं पक्की होती. गाडी, तळ्यातली बदकं आणि सुटं सामान काढून ठेवलं. फळी उभी केली, डॉक्टर आत, डॉक्टरीणबाई बाहेर, आणि फळी निघाली. दारातून अडीच फूट छान बाहेर आली. पुढे बोळ होता तीन फुटांचा. फळीला वळायचं होतं, पण आठ फुटांची फळी तीन फुटांत वळत नाही हे भूमितीत पूर्वीच ठरलेलं. घोडं तिथेच अडलं. एक टोक न्हाणीघराच्या चौकटीला टेकलं, दुसरं खोलीतल्या कपाटाला, आणि मधला डोंगर दाराच्या चौकटीत रुतला.

"मागे घ्या," बाई म्हणाल्या.

"मागे येत नाहीये."

"मग आत आणलीत कशी?"

"दोन तुकडे आणले होते. आत जोडले. मग वर डोंगर केला."

"आणि बाहेर न्यायची वेळ येईल असं वाटलं नाही?"

"डोंगर कोण बाहेर नेतं?" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हे उत्तर बिनतोड होतं.

आता डॉक्टर खोलीत आणि दारात फळी. चार फुटांची असल्याने वरून त्यांची छाती आणि डोकं तेवढं दिसत होतं, तिकीटखिडकीतल्या कारकुनासारखं. चहा फळीवरून द्यावा लागला. पिता पिता डॉक्टरांनी मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्री आला, बोळात उकिडवा बसला, फळीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "कापावी लागेल."

"काही कापायचं नाही."

"मधोमध एक चीर. कळणारसुद्धा नाही."

"हे वाक्य मी चाळीस वर्षं पेशंटना सांगत आलोय," डॉक्टर म्हणाले. "दुसरा उपाय सांगा."

दुसरा उपाय म्हणून मिस्त्रीने दाराची झडप उतरवली. त्याने दोन बोटं जागा झाली. फळी दोन बोटं पुढे सरकली आणि पूर्वीपेक्षा घट्ट बसली. मग त्याने खालून पहार लावली, तेव्हा न्हाणीघराचं दार आतल्या बाजूला ढकललं जाऊन कडी आपोआप पडली. आता न्हाणीघरही बंद! डॉक्टरांचा चहा पिऊन झाला होता. या बातमीने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कापू या का?" मिस्त्रीने पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी या वेळी लगेच नाही म्हटलं नाही. अकरा माणसांकडे पाहिलं. ती आडवी होऊन हवेत तरंगत होती, पण फलाट सोडला नव्हता एकानेही. "कुठून कापाल?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

आणि नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजली. बॅग हातात घेऊन आक्का उभ्या! "आजचीच जागा मिळाली, म्हटलं उद्यापर्यंत कशाला थांबा."

आक्का म्हणजे डॉक्टरीणबाईंची थोरली बहीण. मोठ्या रुग्णालयात तीस वर्षं मेट्रन होत्या. त्यांच्यासमोर सर्जनसुद्धा हात धुऊन मगच बोलत. त्यांनी चप्पल काढली, बोळात आल्या, फळी पाहिली, फळीमागचे डॉक्टर पाहिले.

"कधीपासून अडकलंय?"

"सकाळी दहापासून," डॉक्टर पेशंटसारखे म्हणाले.

"आणि हा करवत घेऊन काय करतोय? ठेव ती खाली. मागे व्हा सगळे. ज्या वाटेने आलं त्या वाटेने परत जाईल. डॉक्टर, वरचं टोक धरा, खाली दाबा. तू, मिस्त्री, पाय लाव. मी म्हणेन तेव्हाच. आता!"

तिसऱ्या झटक्याला कडकन आवाज झाला आणि फळी आत गेली. डोंगराचा शेंडा मात्र तुटून बोळात पडला. मिस्त्रीने न्हाणीघराच्या फटीतून पट्टी घालून कडी उचलली आणि डॉक्टर डोंगराकडे न बघता धावत सुटले.

ते परतले तेव्हा आक्का कमरेवर हात ठेवून खोलीत उभ्या होत्या. "ही पुन्हा घोड्यांवर ठेवा. खाली ती बुटकी खाट सरकवा. मी तिथे झोपेन. खालचा बर्थ समजा."

"आक्का, मला फार वाईट वाटतंय—"

"वाटू दे. फक्त मी आहे तोवर गाडी चालवायची नाही. डोक्यावर खडखड नको मला."

डॉक्टरांनी मान हलवली. पंधरा दिवस! पण फळी वाचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांना जाग आली ती ओळखीच्या घरघरीने. खोलीत गेले तर आक्का खुर्चीवर बसलेल्या, हातात कंट्रोलर, आणि गाडी पुलावरून चाललेली. डोंगराचा शेंडा जागेवर होता. त्याला प्लास्टरची पट्टी गुंडाळली होती, मोडलेल्या हाताला गुंडाळतात तशी नीटनेटकी.

"तुमचं प्लास्टर दाताचं. हाडाला ते पुरत नाही," आक्का म्हणाल्या. "आणि गाडी वळणावर फार जोरात घेत होता तुम्ही. रुळांवर खुणा दिसतात."

"आक्का, जरा मी—"

"आत्ता माझा राउंड चालू आहे. भेटीची वेळ चार ते पाच."

त्यांना वाटलं, आक्का गंमत करताहेत. आक्कांनी आयुष्यात गंमत केली नव्हती. चार वाजता डॉक्टर आले, पाच वाजता "चला, वेळ संपली" म्हणून बाहेर काढले गेले. झडप बसवायला आलेला मिस्त्री तिसऱ्या दिवशीही तिथेच होता. आक्कांनी त्याला रुळांचे सांधे बदलायच्या कामावर नेमलं होतं. डॉक्टर बोळात स्टुलावर बसून आतली शिट्टी ऐकत. डॉक्टरीणबाई त्यांना तिथेच भाजी निवडायला देत. दोन वर्षांत नवरा पहिल्यांदाच असा हाताशी सापडला होता, त्यामुळे त्या फार शांत दिसत होत्या.

डॉक्टर दिवस मोजत होते. पंधराव्या दिवशी आक्का निघाल्या तेव्हा त्यांनी इतक्या प्रेमाने निरोप दिला की आक्कांनाही आश्चर्य वाटलं. बॅग त्यांनी स्वतः टॅक्सीपर्यंत नेली. बॅग जड होती, पण मन हलकं होतं. टॅक्सी वळली तसे ते जिना जवळजवळ पळतच चढले.

डबे स्थानकात ओळीने उभे होते. पुढे इंजिन नव्हतं. कंट्रोलरही नव्हता.

खाटेखाली पाहिलं. बोगद्यात आरसा घातला. शेवटी संध्याकाळी फोन वाजला.

"इंजिन माझ्याकडे आहे," आक्का म्हणाल्या. "चाकं कुरकुरतात. तपासणीसाठी ठेवून घेतलंय."

"अहो पण आक्का, डिस्चार्ज कधी?"

"तुम्ही दोघं येऊन पंधरा दिवस राहाल तेव्हा. मोठं टेबल रिकामं केलंय मी. येताना डबे आणा, सुटे रूळ आणा."

फोन ठेवून डॉक्टर वळले. गेली बारा वर्षं आक्कांकडे जायचं नाव काढलं की त्यांची कंबर धरायची. डॉक्टरीणबाईंना त्या कंबरेची तऱ्हा पाठ होती. आज त्यांनी कपाटावरची मोठी बॅग खाली काढली होती आणि ओल्या फडक्याने ती पुसत होत्या.

डॉक्टरांनी जरा वेळ बॅगेकडे पाहिलं, मग डब्यांकडे. "जायचंच तर..." ते म्हणाले, "आपली गाडी कधीची मिळेल?"

"उद्या सकाळी सातची," डॉक्टरीणबाई फडकं पिळत म्हणाल्या. "आक्कानं परवाच तिकिटं काढून ठेवलीत."