गौराक्काचा महसूल

गौराक्का माहेरी जाताना काटकुळी असायची आणि परत येताना गरगरीत. माहेर होतं सोलापूरला, मुक्काम जेमतेम दोन दिवसांचा. तेवढ्यात बाई फुगणार कशानं? अंगावर एकावर एक नवी लुगडी नेसलेली असायची!

त्याचं असं होतं, बरं का. तेव्हा आमच्या तुळजापुरात निजामाचं राज्य आणि सोलापूर इंग्रजांचं. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिकडून नवी वस्तू आणली की महसूल भरा. वापरातली असली तर सूट. हा नियम गौराक्कानं पार पिळून काढला. एकदा भावानं, दामूनं, नवी कढई दिली. हिनं येताना नाका यायच्या आधीच रस्त्याकडेला चूल मांडली, पिठलं केलं, कढई काळीकुट्ट करून घेतली. वर त्यातलंच पिठलं नाकेदाराला वाढलं!

नाकेदार खाँसाहेब चाटूनपुसून खात म्हणाले, "अक्का, तुमच्या माहेरात नवी चीज मिळतच न्हाय का?"

"न्हाय वो. समदं जुनंच!"

मी शेजारची नवी सून. मला म्हणायची, "भावानं भनीला दिल्यालं. त्यात सरकार कोन? माझा मामा लागतो का?"

दामू तिचा एकुलता भाऊ. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलेला. लढाई लागली तसा तो पलटणीत लॉरी चालवायला मिसर देशी, म्हणजे इजिप्तला गेला. माहेर बंद झालं. पुढं पत्रंही बंद झाली. गौराक्का बोलायची कमी झाली.

एक दिवस डाकवाला सांगत आला, "मिसरहून पार्सल आलंय. नाक्यावर तुमच्यासमोर उघडायचंय."

मला वाटलं, आता ही नाचेल. ती मटकन खाली बसली. मागच्या आळीत सारजाबाईकडं असंच पार्सल आलं होतं. आत नवऱ्याचे वापरलेले कपडे आणि बूट. माणूस गेला की पलटण त्याचं सामान घरी धाडते, हे तेव्हा साऱ्या गावाला कळलं होतं.

नाक्यावर ती मेजाकडं पाठ करून उभी राहिली. "तू बग गं. माझ्यानं न्हाय व्हायचं."

खाँसाहेबांनी सुतळी कापली. आत तपकिरी रंगाची लोकरीची शाल. त्यांना बापड्यांना काय ठाऊक! भल्या मनानं म्हणाले, "जाने दो अक्का. जुनी लिहितो. महसूल माफ."

"जुनी हाय?" तिनं भिंत धरली.

मी झडप घालून शाल उचलली. घडी कडक, कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी टाचलेली. "नवी हाय अक्का! कोरी हाय!"

ती वळली. शाल हुंगली, चाचपली आणि खाँसाहेबांवरच कडाडली, "जुनी कुनाला म्हंता? नवी लिवा! महसूल घ्या!"

"अरे, मैं तो माफ कर रहा…"

"माफ नगं! घ्या म्हंते न्हवं!"

तिनं पदराची गाठ सोडून पैसे मेजावर ठेवले. खाँसाहेबांनी महसूल घेतला, आणि तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

घरी येताना शाल छातीशी धरून ती वाटभर बोलत होती. "सोता दुकानात गेला असंल न्हवं गं? म्हंजी पाय धड हायत. धा शाली काढाया लावल्या असत्याल, लई चोखंदळ हाय…"

मग भर रस्त्यात थबकली, कपाळाला आठ्या घातल्या.

"दुकानदारानं लुबाडला असंल बग माझ्या दाम्याला. घासाघीस कुठं येतीय त्येला!"